मुंबईत उणे पाच अंश: एका एचडब्ल्यूमॉन ड्रायव्हरच्या स्टाइल-तपासणीचं प्रकरण

अंधेरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात रस्त्याकडेच्या डिस्प्ले बोर्डांचे कंट्रोलर तयार होतात. पत्र्याची पेटी, आत ६४-बिट एआरएम बोर्ड, ४० मिलिमीटरचे दोन पंखे आणि पंख्यांशेजारी एक छोटी पट्टी. त्या पट्टीवरची चिप तापमान मोजते, पंख्यांचा वेग मोजते आणि पीडब्ल्यूएमने (वीज झटपट चालू-बंद करून) तो कमीजास्त करते. बोर्डापासून पट्टीपर्यंत चार तारांची केबल: वीज, ग्राउंड आणि आयटूसी या चिपांशी बोलायच्या बसच्या दोन. चिपसाठीचा लिनक्स ड्रायव्हर (कर्नलला चिपशी जोडणारा कोड) कंपनीतच लिहिलेला, सुमारे सहाशे ओळींचा. दर नव्या कर्नलबरोबर तो पुन्हा जुळवत बसायचा कंटाळा आला, म्हणून तो मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, तापमान आणि पंखे मोजणाऱ्या एचडब्ल्यूमॉन विभागाकडे पाठवायचं ठरलं. त्याआधी घरातच एकदा कोड-स्टाइल तपासून घ्यावी, एवढाच बेत होता.

त्याच महिन्यात सर्व्हिसवाल्यांची एक तक्रार चालू होती. ठरावीक पेट्यांमधून ‘पंखा बंद’ असा अलार्म यायचा, माणूस तिथे पोहोचायचा आणि पंखा व्यवस्थित फिरत असायचा. त्या तक्रारीचा या तपासणीशी काही संबंध असेल असं कोणाच्या डोक्यात नव्हतं.

(खालच्या सगळ्या फाइल, फंक्शन आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.)

‘चेकपॅच तर क्लीन आहे’

ड्रायव्हर लिहिणाऱ्या मुलाचं पहिलं वाक्य हेच होतं. कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधलं चेकपॅच, म्हणजे कोडची स्टाइल तपासणारी स्क्रिप्ट, त्याने पूर्ण फाइलवर चालवलं होतं: एरर शून्य, वॉर्निंग तीन.

‘स्ट्रिक्ट लावून बघितलंस?’ तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं.

‘नाही मॅडम. त्यात फक्त कंस जुळवायच्या तक्रारी येतात.’

फक्त नाही, पण बहुतेक. नेटवर्क ड्रायव्हर आणि स्टेजिंगच्या (अजून कच्च्या ड्रायव्हरांच्या) फोल्डरसाठी चेकपॅच स्ट्रिक्ट आपणहून लावतं, एचडब्ल्यूमॉनसाठी लावत नाही. तो पर्याय स्वतः द्यावा लागतो. दिल्यावर ‘एरर’ आणि ‘वॉर्निंग’च्या खालचा तिसरा थर दिसतो, ‘चेक’चा. इथे त्या थरात चाळीसेक संदेश निघाले. पुढच्या ओळीवर गेलेलं आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली किंमत) आधीच्या ओळीतल्या उघड्या कंसाखाली येत नाही, हीच तक्रार जवळपास सगळ्यांत. त्या ढिगात एक संदेश वेगळा होता: मॅक्रोचं (कंपाइल होण्याआधी कोडमध्ये जसाच्या तसा भरल्या जाणाऱ्या तुकड्याचं) आर्ग्युमेंट एकापेक्षा जास्त वेळा वापरलंय, साइड इफेक्ट संभवतो.

एचडब्ल्यूमॉनमध्ये पॅच (कोडमधले बदल) पाठवणाऱ्यांसाठी जो दस्तऐवज कर्नलसोबत येतो, त्यात हे स्पष्ट लिहिलंय की ‘मला हीच स्टाइल आवडते’ असं कारण देऊ नका, कारण प्रत्येक अनावश्यक संदेशाआड एखादी खरी अडचण लपते. ते वाक्य वाचून बरेच जण मान डोलावतात आणि पुढे जातात. या फाइलमध्ये ते अक्षरशः लागू पडत होतं. म्हणून क्रम ठरला: आधी कंसाच्या सगळ्या तक्रारी निस्तरायच्या, चेकपॅच पुन्हा चालवायचं आणि जे उरेल ते माणसाने वाचायचं.

मॅक्रो

ड्रायव्हरचा सांगाडा एका खूप जुन्या ड्रायव्हरवरून उचललेला होता, हे पहिल्या पन्नास ओळींतच कळत होतं. रजिस्टरं (चिपमधल्या आकडे ठेवायच्या जागा) वाचून दीड सेकंद साठवणारी अपडेट-फंक्शनची पद्धत, एकेक सिसफ्स फाइल (जिच्यातून बाकीचे प्रोग्रॅम आकडे वाचतात) हाताने बनवणं, आणि पंख्याचा वेग काढणारा मॅक्रो. चिपमधलं घड्याळ २२.५ किलोहर्ट्झचं, पंख्याच्या एका फेरीतले त्याचे ठोके मोजणारा काउंटर आठ बिटांचा, आणि ते ठोके विरळ करणारा भाजक म्हणजे डिव्हायझर. मिनिटाचे साठ सेकंद धरले की सूत्र असं होतं: आरपीएम म्हणजे १३,५०,००० भागिले (काउंट गुणिले डिव्हायझर). काउंट ० असेल तर मॅक्रो −१ देणार, २५५ असेल तर ०, नाहीतर भागाकार.

म्हणजे एका मॅक्रोत काउंट तीनदा वाचला जाऊ शकतो. तो साठवलेल्या सामायिक डेटातून, लॉकशिवाय येत असेल तर पहिल्या तपासणीत २५४ आणि भागाकाराच्या क्षणी ० मिळू शकतो. या पेटीत एकाच वेळी दोन प्रोग्रॅम त्याच फाइली वाचत होते, त्यामुळे ही शंका कागदावरची नव्हती.

‘पण एकदाही क्रॅश झालं नाही.’ खरंय, आणि त्याची कारणं दोन. कंपायलर बहुतेक वेळा व्हॅल्यू एकदाच रजिस्टरात उचलतो, पण तशी हमी सी भाषा देत नाही. दुसरं म्हणजे ६४-बिट एआरएमवर पूर्णांकाला शून्याने भागलं तर प्रोसेसर अपवाद उठवत नाही, उत्तर ० देतो. तोच ड्रायव्हर एक्स८६ वर कर्नलला ऊप्स (कर्नलमधली गंभीर चूक) देईल, इथे मुकाट्याने ‘पंखा बंद’ म्हणेल. टेबलावरच्या बोर्डावर हा दोष पकडता येत नाही. वाचूनच पकडावा लागतो.

उपाय साधा: मॅक्रो काढून फंक्शन. आर्ग्युमेंट एकदाच मोजलं जातं आणि आतलं सगळं त्याच प्रतीवर चालतं. −१ आरपीएम हे उत्तरही गेलं, कारण वाचणाऱ्या प्रोग्रॅमला उणे एक आरपीएमचा अर्थच लागत नाही. मूल्य नसेल तर तसा एरर कोड द्यायचा, ईनोडेटा.

एका शब्दाचा प्रकार

तापमान वाचणाऱ्या फंक्शनवरच्या दोन शेऱ्यांना लेखकाने आधी ‘स्टाइल’ म्हणूनच बाजूला ठेवलं होतं. पहिला शेरा: बाइटांची अदलाबदल हाताने, शिफ्ट करून केली आहे, त्याऐवजी आयटूसी_एसएमबस_रीड_वर्ड_स्वॅप्ड वापरा. दुसरा: ज्या व्हेरिएबलमध्ये उत्तर घेतलंय ते यू१६ (१६ बिटांचं, चिन्हाशिवायचं) आहे, इंट (चिन्हासकटचं) करा.

एसएमबसच्या (आयटूसीवरच्या संवादपद्धतीच्या) नियमात दोन बाइटांच्या शब्दाचा खालचा बाइट आधी येतो, ही चिप वरचा बाइट आधी पाठवते. म्हणून अदलाबदल लागतेच. तापमान १६ बिटांत डावीकडे सरकवलेलं, उपयोगाचे १२ बिट, एक पायरी ०.०६२५ अंशाची. पेटीत ५८.५ अंश असतील तर ५८.५ भागिले ०.०६२५ म्हणजे ९३६, हेक्समध्ये ३ए८, रजिस्टरात ३ए८०. एचडब्ल्यूमॉनचा नियम मिलिअंशांचा, त्यामुळे टेम्प१_इनपुटमध्ये ५८५०० दिसायला हवं. अदलाबदल विसरली तर ८०३ए वाचलं जातं आणि उत्तर येतं −१२७८१२. ती चूक पहिल्याच दिवशी कोणालाही दिसते. इथे अदलाबदल बरोबर होती, पण वाचन फसलं तर काय, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

एसएमबसचं वाचन फसलं की फंक्शन उणे एरर कोड परत करतं. पत्त्यावर चिपने उत्तरच दिलं नाही तर सहसा ईएनएक्सआयओ, म्हणजे −६. आता हा −६ यू१६ मध्ये टाका: चिन्ह गेलं, उरलं एफएफएफए. त्याचे बाइट उलटे करा: एफएएफएफ. चिन्हासकट वाचा: −१२८१. चार बिट उजवीकडे सरकवा: −८१. ६२५ ने गुणून १० ने भागा: −५०६२.

उणे पाच अंश आणि वर ६२ मिलिअंश. मुंबईत, पत्र्याच्या पेटीत, मे महिन्यात. सांताक्रूझ वेधशाळेची आजवरची नीचांकी नोंद ७.४ अंशांची आहे, २२ जानेवारी १९६२ ची. सर्व्हिसच्या जुन्या लॉगमध्ये −५०६२ हा आकडा शोधला तेव्हा तो निघाला, तोच आकडा, पुन्हा पुन्हा. पाहणाऱ्यांनी त्याला ‘नॉइज’ म्हणून सोडून दिलं होतं. नॉइज दर वेळी एकच आकडा घेऊन येत नाही, एवढं तरी खटकायला हवं होतं.

तापमानाचं खोटं हास्यास्पद तरी होतं. पंख्याचं खोटं त्याहून वाईट. तिथे उत्तर यू८ मध्ये घेतलं होतं. −६ चा खालचा बाइट एफए, म्हणजे २५०. डिव्हायझर २ असताना १३,५०,००० भागिले ५०० बरोबर २७०० आरपीएम. म्हणजे केबल पूर्ण तुटली तरी डॅशबोर्डवर दोन्ही पंखे २७०० वर छान फिरताना दिसणार.

दुरुस्ती तीन ओळींची. उत्तर इंटमध्ये घ्या, शून्यापेक्षा लहान असेल तर तोच कोड जसाच्या तसा परत करा, नसेल तर पुढचं गणित करा. एरर कोड बदलून सरसकट ईआयओ करू नका. ईएनएक्सआयओ आणि ईटाइमडआउट (वेळ संपली) यांतला फरकच पुढे केबल आणि अडकलेली बस यांतला फरक सांगतो.

०एक्स५०

सुरुवातीच्या इनिशिअलायझेशनमध्ये एक ओळ होती: डिव्हायझरच्या रजिस्टरात ०एक्स५० लिहा. शेरा नेहमीचाच, आकड्याला नाव द्या. लेखकाने आधी नुसतं डिफाइन करून ‘फॅन_डिव्ह_डिफॉल्ट’ असं नाव दिलं. ते मान्य झालं नाही, कारण त्या नावातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. जेनमास्कने बिट ५:४ पहिल्या पंख्याचे आणि ७:६ दुसऱ्याचे अशी नावं द्या, फील्ड_प्रेपने त्यांत किंमत भरा, असं सांगितलं. तसं लिहिल्यावर ओळ बोलायला लागली: दोन्ही पंख्यांचा डिव्हायझर २.

मग कोणीतरी विचारणारच: २ ला सर्वांत कमी किती वेग मोजता येतो? काउंटर २५४ पर्यंत, २५५ म्हणजे भरून वाहिला. १३,५०,००० भागिले ५०८ म्हणजे सुमारे २६५७ आरपीएम. त्याखाली पंखा कितीही फिरो, काउंटर २५५ वर अडकतो आणि ड्रायव्हर ० सांगतो.

इथे सर्व्हिसची तक्रार टेबलावर आली. पेटीत पंख्यांचा वेग फॅनकंट्रोल (तापमानाप्रमाणे पीडब्ल्यूएम ठरवणारा प्रोग्रॅम) सांभाळतं. ४० अंशांखाली किमान पीडब्ल्यूएम ६०, ७० अंशांना पूर्ण. पीडब्ल्यूएम ६० वर हे पंखे १५०० आरपीएमच्या आसपास फिरतात. आता साखळी जोडा. केबलचा संपर्क क्षणभर तुटतो, तापमान −५०६२ येतं, फॅनकंट्रोलला वाटतं हिवाळा आला, ते पीडब्ल्यूएम ६० करतं. पंखा २६५७ च्या खाली जातो, वाचन ० येतं. फॅनकंट्रोलची पुढची फेरी दहा सेकंदांनी. मॉनिटरिंग एजंट दर दोन सेकंदांनी वाचतो आणि सलग तीन शून्यं आली की अलार्म. दहा सेकंदांत ती सहज भरतात. पुढच्या फेरीत तापमान खरं येतं, पंखा वेग घेतो, आणि सर्व्हिसवाला पोहोचेपर्यंत सगळं ठाकठीक.

डिव्हायझर ४ केला. रजिस्टराची किंमत ए०, मोजण्याची खालची हद्द सुमारे १३२९ आरपीएम. ८ केला असता तर ६६४ पर्यंत जाता आलं असतं, पण वरच्या टोकाला पायरी जाड होते: ८ वर काउंट ३१ म्हणजे ५४४३ आणि ३२ म्हणजे ५२७३, अधलंमधलं काही नाही. ४ वर ६२ आणि ६३ या काउंटांमध्ये अंतर शंभरच्या आत राहतं. या पंख्यांना तेच सोयीचं.

मर्यादा लिहिताना

टेम्प१_मॅक्ससाठी (तापमानाच्या वरच्या मर्यादेसाठी) मर्यादेचं रजिस्टर आठ बिटांचं, पूर्ण अंशांचं. कोडमध्ये आधी डिव्ह_राउंड_क्लोजेस्टने १००० ने भागून मग क्लॅम्प_व्हॅल (किंमत ठरलेल्या हद्दीत बसवणं) केलं होतं. वाचायला नीट वाटतं. पण वापरणाऱ्याने −९२२३३७२०३६८५४७७५८०८ लिहिलं तर राउंड करण्यासाठी आधी ५०० वजा होतात, संख्या उलटून प्रचंड धन होते आणि क्लॅम्प तिला वरच्या मर्यादेला टेकवतं. नीचांकी मर्यादा मागितली, उच्चांकी मिळाली. क्रम उलटा हवा: आधी −५५००० ते १२५००० मध्ये क्लॅम्प, मग भागाकार. २०२४ मध्ये मुख्य कर्नलमधल्या कित्येक जुन्या एचडब्ल्यूमॉन ड्रायव्हरांत हीच दुरुस्ती झाली, त्यामुळे नव्या ड्रायव्हरात ती चूक पाठवणं जरा लाजिरवाणंच. एक अपवाद ध्यानात ठेवायचा: सलग मर्यादा क्लॅम्प करतात, पण मोजक्याच किमती चालतात अशा ठिकाणी, उदाहरणार्थ डिव्हायझर, चुकीच्या किमतीला ईइनव्हॅल हा एरर कोड द्यायचा.

बाकीचे शेरे झटपट. फाइल वाचायच्या परवानगीसाठी एस_आयरुगोच्या जागी ०४४४. हेडर वर्णानुक्रमे. दुहेरी तिरप्या रेघेची कॉमेंट फक्त पहिल्या एसपीडीएक्स (परवान्याच्या) ओळीला, बाकी ताराछाप. पुढे येणाऱ्या फंक्शनांची वर आधीच केलेली घोषणा काढून फंक्शनच योग्य क्रमाने ठेवायची. वाचन फसल्यावर कर्नल लॉगमध्ये संदेश छापणारी ओळही काढली. दर दोन सेकंदांच्या वाचनाला बंद चिपमागे दिवसाला ४३,२०० ओळी होतात आणि त्या इथे ईएमएमसीवर, म्हणजे बोर्डाच्या फ्लॅश मेमरीवर, उतरतात.

नोंदणीबद्दलचा शेरा मात्र मोठा ठरला. जुनी नोंदणी-पद्धत नव्या ड्रायव्हरात चालत नाही, म्हणून डेव्हएम_एचडब्ल्यूमॉन_डिव्हाइस_रजिस्टर_विथ_इन्फोवर जावं लागलं. इझ_व्हिझिबल, रीड आणि राइट ही तीन फंक्शनं आणि चॅनलांचा तक्ता एवढ्यावर सिसफ्सचा सगळा पसारा गेला. दीड सेकंदाची साठवणही गेली. मर्यादांसारख्या स्थिर रजिस्टरांना रेगमॅप या कर्नलमधल्या रजिस्टर-लायब्ररीचा कॅशे पुरतो, तापमान आणि काउंटर व्होलाटाइल (दर वेळी चिपमधून वाचायचे) ठरवायचे. नोंदणी प्रोबमध्ये (ड्रायव्हर चिपला जोडताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) सर्वांत शेवटी, चिप पूर्ण तयार झाल्यावरच करायची, कारण नोंदणी झाल्या क्षणापासून कोणीही फाइल वाचू शकतं. आणि डेव्हएमची (कर्नल आपोआप आवरतं ती) नोंदणी ठेवून वेगळ्या रिमूव्ह फंक्शनमध्ये चिप बंद करायची नाही. रिमूव्ह आधी चालतं, डेव्हएमची आवराआवर नंतर, मधल्या काळात फाइली जिवंत आणि चिप मेलेली.

पॅच कसे पाडले

लेखकाची पहिली शाखा म्हणजे एकच गठ्ठा: कंस, मॅक्रो, एरर, डिव्हायझर सगळं एकत्र. ती परत केली. रस्त्यावरच्या पेट्यांसाठीची शाखा वेगळी पाडली, पहिला पॅच फक्त मांडणीचा, त्यानंतर प्रत्येक वर्तनबदलाला स्वतंत्र पॅच. मांडणीचा पॅच खरंच मांडणीचाच आहे का, हे गिटच्या डिफला ‘-डब्ल्यू’ लावून बघता येतं, पण ते ओळीतली मोकळी जागाच दुर्लक्षित करतं, तोडलेल्या-जोडलेल्या ओळी तरीही दिसतात. त्यामुळे पक्की खात्री ऑब्जेक्ट फाइलवरून केली: डिबग माहितीशिवाय आधीची आणि नंतरची फाइल कंपाइल करा, ऑब्जडंपने दोन्हींचा असेंब्ली कोड काढा आणि डिफ घ्या. तो रिकामा आला पाहिजे. पहिल्या खेपेला तो आला नाही. कंस जुळवताना एका अटीतला कंसच सरकला होता.

मुख्य कर्नलसाठी मात्र हा इतिहास कोणाला नको असतो. तिथे ड्रायव्हर स्वच्छ, एकसंध जातो. आधी डिव्हाइस-ट्रीच्या (बोर्डावर काय जोडलंय त्याच्या वर्णनाच्या) बाइंडिंगचा यामल पॅच, मग ड्रायव्हरचा, त्यातच केकॉन्फिग आणि मेकफाइलमधली नोंद वर्णानुक्रमे आणि डॉक्युमेंटेशनची फाइल. विषयाच्या ओळीत ‘एचडब्ल्यूमॉन:’ आणि पुढे कंसात ड्रायव्हरचं नाव. पाठवण्याआधी डब्ल्यू=१ आणि सी=१ लावून बिल्ड, म्हणजे कंपायलरच्या जादा वॉर्निंग आणि स्पार्स (कर्नलचा कोड तपासणारं टूल) दोन्ही चालतात.

ओळ ८० अक्षरांची की १०० ची, यावर अर्धा तास गेला. चेकपॅच २०२० पासून १०० पर्यंत गप्प बसतं, स्टाइलचा दस्तऐवज अजूनही ८० ला प्राधान्य देतो. शेवटी ८०, आणि जिथे तोडल्याने वाचणं अवघड होतं तिथे तोडायचं नाही. लेखकाची एक सूचना फेटाळली: वाचन फसलं तर ड्रायव्हरनेच तीनदा पुन्हा प्रयत्न करावा. दोष तारेत असताना तो ड्रायव्हरने झाकला तर तार कधीच कोणी बघणार नाही.

दुरुस्त ड्रायव्हर काही पेट्यांत चढवल्यावर दुसऱ्याच दिवशी नवी तक्रार आली: दोन पेट्यांचे पंखे पूर्ण वेगाने ओरडतायत आणि फॅनकंट्रोल बंद पडलंय. हे अपेक्षित होतं, फक्त आधी सांगायचं राहून गेलं. तापमान वाचता आलं नाही की फॅनकंट्रोल पंखे मोकळे सोडून बाहेर पडतं. आधी त्याला खोटा आकडा मिळत होता म्हणून ते चालू राहायचं. सिस्टमडीच्या (लिनक्सवर प्रोग्रॅम चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) सर्व्हिस फाइलमध्ये अपयशानंतर पुन्हा सुरू होण्याची ओळ आणि मध्ये तीस सेकंदांचा अवकाश घातला. ईएनएक्सआयओ मोजायला एजंटमध्ये एक काउंटर ठेवला. आठवड्याभरात तो त्याच दोन पेट्यांत चढला, दोन्ही समुद्रालगतच्या. पट्टीची केबल उपसली तेव्हा कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या होत्या. कनेक्टर बदलून सोन्याच्या मुलाम्याचे घेतले, आणि पट्टी दाराजवळून आतल्या भिंतीवर हलवली.